उपकार, हक्क आणि पंपाशेजारची खोली

वाचकाचे पत्र, थोडक्यात

मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आवारात लहानाची मोठी झालेली सव्वीस वर्षांची तरुणी लिहिते. तिचे वडील सुतार आहेत. उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यातून ते १९९१ मध्ये मुंबईत आले, ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात काही वर्षे राबले आणि १९९५ मध्ये या वसाहतीतील एका घराचे स्वयंपाकघर करायला म्हणून आले, ते इथलेच झाले. तीन इमारती, अठ्ठेचाळीस बिऱ्हाडे. तेव्हाच्या चिटणीसांनी पाण्याच्या पंपाशेजारची रिकामी खोली त्यांना राहायला दिली. भाडे घ्यायचे नाही आणि त्याबदल्यात त्यांनी संस्थेची दारे, टपालपेट्या, सूचनाफलक, गच्चीचा दरवाजा यांची डागडुजी करायची, असे तोंडी ठरले. कागद झाला नाही. पुढे लग्न झाले, दोन मुले याच खोलीत वाढली आणि जवळच्या महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली. वसाहतीच्या गणपतीचे मखर दरवर्षी वडीलच करतात. २६ जुलै २००५ च्या पावसात तळमजल्यावरची कपाटे रात्रभर लाकडी ठोकळ्यांवर चढवणारे तेच होते. २०२० च्या टाळेबंदीत सात घरांनी आळीपाळीने दोन महिने शिधा पुरवला. त्याच काळात, मिस्त्रींना जिन्यात पाऊल टाकू देऊ नये, असा अर्जही एका सभासदाने दिला होता.

आता वसाहतीचा पुनर्विकास होणार आहे. विकासक ठरला आहे, कराराचा मसुदा तयार आहे आणि त्यात सभासदांना नवी घरे, बांधकाम पुरे होईपर्यंतचे भाडे आणि सामान हलवण्याचा खर्च अशी तरतूद आहे. पंपाशेजारच्या खोलीचा उल्लेख कुठेही नाही. समितीतील एक काका "मिस्त्रींचे बघू काहीतरी" एवढेच म्हणाले. वडील म्हणतात, "तीस वर्षे डोक्यावर छप्पर दिले त्यांनी. खाल्ल्या घरचे वासे मोजायचे नसतात." एका परिचिताने मात्र मुलीला सांगितले आहे की इतक्या वर्षांच्या ताब्याने खोली तुमच्याच मालकीची झाली, कोर्टात जा. ती विचारते, वडिलांचा शब्द राखून गप्प बसू, की त्यांच्या मनाविरुद्ध लढू?

उत्तर

तुमचे पत्र तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा वडिलांच्या त्या म्हणीपाशी थांबले. मी भावना आणि कायदा यांची सरमिसळ करणार नाही. आधी कायद्याचे बोलते, कारण त्या परिचिताचा सल्ला तुम्ही मानलात तर वर्षे जातील, पैसे जातील आणि हाती फारसे काही लागणार नाही.

दीर्घ ताब्याने मालकी मिळते, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांच्या ताब्याची तरतूद आहे हे खरे, पण तो ताबा मालकाच्या हक्काला आव्हान देणारा, उघड आणि अखंड असावा लागतो. मालकाने परवानगी देऊन राहू दिलेला माणूस बारा नव्हे, बावन्न वर्षे राहिला तरी तो परवानगीनेच राहिला असे मानले जाते. गोव्यातील एका घराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे नि:संदिग्ध शब्दांत सांगितले आहे: राखणदार, काळजीवाहू किंवा नोकर म्हणून एखाद्या जागेत राहणाऱ्याला केवळ दीर्घकाळ राहिल्यामुळे त्या जागेत हितसंबंध प्राप्त होत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनात ज्या तारखेपूर्वीच्या झोपड्यांना संरक्षण मिळते ती १ जानेवारी २००० ही तारीखही कुणीतरी तुमच्या कानावर घातली असेल. तिचाही येथे उपयोग नाही. ती झोपडपट्टीसाठी आहे, संस्थेच्या खासगी भूखंडावरील पंपाशेजारच्या खोलीसाठी नाही.

कायद्याच्या या अटीची आणखी एक बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. हा दावा करायचा तर तुमच्या वडिलांना शपथेवर असे सांगावे लागेल की ही खोली मी तुमच्या इच्छेविरुद्ध, तुमचा हक्क झुगारून ताब्यात ठेवली होती. ज्या माणसाने तीस वर्षे प्रत्येक दार ठोठावल्याशिवाय उघडले नाही, त्याला स्वतःच्या आयुष्याविषयी हे खोटे विधान करायला लावणे तुम्हाला तरी मानवेल का? कोर्टात जाऊ नका असे मी म्हणते ते वडिलांच्या भिडेखातर नाही. तो दावा दुबळा आहे आणि तो त्यांच्या जगण्याचे चित्रही उलटे रंगवतो.

पण घराची मालकी मागता येत नाही म्हणून काहीच मागता येत नाही, असे मुळीच नाही. आणि इथे मला तुमच्या वडिलांशीही थोडा वाद घालायचा आहे.

ते ज्याला उपकार म्हणतात तो व्यवहार होता. खोलीच्या बदल्यात काम, असे ठरले होते. भाडे माफ केलेले नव्हते, ते कामाच्या रूपाने वसूल होत होते. तुम्ही हिशेबाच्या कामात आहात असे लिहिले आहे, तेव्हा एका रविवारी कागद घेऊन बसा आणि १९९५ पासून संस्थेच्या सामाईक जागेत वडिलांनी काय काय केले याची आठवेल तशी यादी करा. जिन्यातील तीन दारे किती वेळा, टपालपेट्यांचे खण किती, २००५ नंतर कुजलेल्या चौकटी किती बदलल्या, गणपतीची मखरे किती. त्यापुढे तेव्हाचे मजुरीचे दर मांडा आणि दुसऱ्या रकान्यात त्या काळी तशा खोलीला जे भाडे पडले असते ते लिहा. हा कागद समितीपुढे फेकायचा नाही. तो तुमच्या घरात, वडिलांसमोर ठेवायचा आहे. टाळेबंदीत सात घरांनी दिलेला शिधा मात्र त्या हिशेबात धरू नका. तो खरोखर माणुसकीने दिलेला होता आणि तुमचे वडील तो विसरायला तयार नाहीत हे त्यांचे मोठेपण आहे. त्यांची गल्लत एवढीच होते की त्या दोन महिन्यांचे ऋण ते तीस वर्षांवर पसरवतात.

आपल्या गावगाड्यात सुतार बारा बलुतेदारांपैकी एक होता. वर्षभर तो कुणब्याचे नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करी आणि सुगीला खळ्यावरून आपल्या वाट्याचे धान्य उचलून नेई. ते धान्य देणारा उपकार करतो असे कुणी म्हणत नसे, ते बलुते होते. मी त्या व्यवस्थेचे गोडवे गात नाही. तिने माणसाचा धंदा त्याच्या जन्माशी बांधून टाकला होता आणि मान जातीप्रमाणे वाटून दिला होता. तरी कामाचा वाटा हे कामाचे देणे असते, एवढे तिला कळत होते. त्याच गावात मिरासदार आणि उपरी असा भेदही होता: पिढीजात हक्काचा तो मिरासदार आणि बाहेरून येऊन जमीन कसणारा तो उपरी. ओसाड पडलेली जमीन लागवडीला यावी म्हणून इस्तावा देऊन, म्हणजे सारा आरंभी कमी आणि मग वर्षागणिक वाढता ठेवून, उपऱ्यांना मुद्दाम बोलावून आणले जाई. गावाला त्यांची गरज होती, म्हणून त्यांच्याशी कौल, म्हणजे करार, होत असे, आणि तो लिहून दिला जाई. तुमच्या वडिलांच्या बाबतीत गरजही होती आणि कौलही झाला, फक्त लिहिला कुणी नाही.

आता वडिलांच्या गप्प बसण्याविषयी. तुम्ही त्याला भीती म्हणता, एके ठिकाणी लाचारी असाही शब्द तुमच्याकडून लिहिला गेला आहे. तो शब्द मागे घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. तुमच्याच पत्रात एक प्रसंग आहे, जो तुम्ही ओघात लिहून गेलात. जुलैत दारे फुगतात, चौकटीत घट्ट बसतात, लोक हाका मारतात की मिस्त्री, जरा रंधा मारून द्या. आणि वडील दार पाहतात, कडेवरून अंगठा फिरवतात आणि दिवाळीपर्यंत थांबा म्हणून सांगतात, कारण पावसात तासलेले दार थंडीत आकसते आणि मग फटीतून वारा येतो. तीस रुपयांचे काम हातचे घालवून, गिऱ्हाइकाचा त्रागा सोसून जो माणूस असे सांगतो, त्याला घाबरट कसे म्हणावे? त्याला आपल्या कामाची पक्की जाण आहे आणि आपल्या शब्दाची किंमतही ठाऊक आहे. तो गप्प असेल तर त्याची कारणे निराळी असू शकतील, आणि ती तुम्ही त्यांना विचारलेली दिसत नाहीत. 'समितीशी बोलायचे का?' एवढेच तुम्ही विचारत आलात. 'तुम्हाला पुढे कुठे राहायचे आहे?' हे विचारले आहे का? बस्तीकडे भावाच्या घराशेजारी दोन खोल्या बांधायचे त्यांच्या मनात असेल. किंवा रंधा-पटाशीचे काम आता उरलेले नाही, लोक कारखान्यातून कापून आलेल्या पाट्या नुसत्या स्क्रूने जोडून घेतात, तेव्हा नव्या इमारतीत आपले काय काम, असे ते मनातल्या मनात म्हणत असतील. किंवा ते खरेच संकोचत असतील. ही तीन निराळी उत्तरे आहेत आणि प्रत्येकाला निराळी वाट आहे. आईलाही विचारा. तुमच्या लांबलचक पत्रात आईचे मत एका ओळीतही नाही, आणि पाणी येण्याच्या वेळांवर संसार बेतत त्या खोलीत सर्वाधिक तास काढले ते त्यांनीच.

तुमच्या मनातील आणखी एक समजूत तपासून पाहू. 'सोसायटी' असे तुम्ही लिहिता तेव्हा जणू एकच माणूस समोर उभा आहे असे वाटते. प्रत्यक्षात तेथे अठ्ठेचाळीस बिऱ्हाडे आहेत. सात घरांनी शिधा दिला, एकाने तक्रार केली आणि चाळीस जण काहीच बोलले नाहीत. तुमचा निकाल लागणार आहे तो या चाळीस जणांच्या हातून. ते वाईट नाहीत. त्यांना नव्या घराचे क्षेत्रफळ, भाड्याचा धनादेश, म्हाताऱ्या आईला कुठे ठेवायचे, या काळज्या आहेत आणि पंपाशेजारच्या खोलीचा प्रश्न त्यांच्यापुढे कुणी ठेवलेलाच नाही. 'बघू काहीतरी' म्हणणाऱ्या काकांच्या मनातही खोट असेल असे मला वाटत नाही. मात्र 'बघू' हा शब्द करारात लिहिता येत नाही.

हे मी अनुभवाने सांगते. आमच्या इमारतीचा पुनर्विकास झाला तेव्हा एक वृद्ध पहारेकरी जिन्याखालच्या खोलीत राहत असे. त्याला वाऱ्यावर सोडायचे नाही, असे आम्ही सगळेच म्हणत होतो आणि ते मनापासून म्हणत होतो. करारावर सह्या झाल्या, घरे रिकामी करायची तारीख आली आणि कुणीतरी विकासकाच्या माणसाला विचारले, तेव्हा त्याने करार उघडून पाहिला आणि यात तसे काही नाही, असे शांतपणे सांगितले. त्याचे चुकले नव्हते. शेवटी आम्ही घरटी वर्गणी काढून त्या माणसाच्या हाती पाकीट दिले. ते घेताना त्याने आमच्यापैकी कुणाच्याही डोळ्यांना डोळा दिला नाही. सह्या होण्याच्या आधीच्या महिन्यात कुणी एकाने सभेत हात वर केला असता तर त्याला पाकीट घ्यावे लागले नसते. तो हात माझाही असू शकला असता, हे मला अजून बोचते.

तुमच्याकडे तो महिना अजून आहे. तेव्हा संस्थेच्या सचिवांच्या नावे एक साधे, नम्र, दोन पानांत मावणारे पत्र लिहा आणि ते वडिलांच्या सहीने द्या. भाषा तुमची असू द्या, पण त्यांना मान्य नसलेले एकही वाक्य त्यात नको. १९९५ पासूनची हकीगत, ठरलेला व्यवहार, केलेली कामे आणि नेमक्या मागण्या, एवढेच त्यात असावे. पोच घ्या. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाचे निर्णय विशेष सर्वसाधारण सभेत घ्यावे लागतात. तुमचे पत्र त्या सभेच्या विषयपत्रिकेवर यावे, अशी विनंती करा. तुमचे वडील सभासद नाहीत, त्यामुळे त्यांना सभा मागता येणार नाही, पण सभासदांना येते: सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७६ प्रमाणे एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर एका महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. अठ्ठेचाळीसमध्ये ते दहा होतात. शिधा देणारी सात घरे तुम्हाला ठाऊक आहेत, आणखी तीन हवीत. सगळ्यांकडे एकदम जाऊ नका. ज्यांच्याकडे वडिलांनी महिना-महिना बसून काम केले, रात्री भुशावर चटई टाकून झोपले, अशा घरांतील वडीलधाऱ्यांकडे आधी जा, आणि शक्य झाले तर वडिलांना बरोबर न्या. बोलणे तुम्ही केलेत तरी चालेल.

मागायचे काय? येथे मी माझे मत स्पष्ट सांगते. नव्या इमारतीत सदनिका मागू नका. ती मिळणार नाही आणि ती मागितल्याने बाकीचे रास्त म्हणणेही लोकांना अवास्तव वाटू लागेल. नव्या पंपघराशेजारी राहायची खोली मागणेही मला पटत नाही. तशी जागा राहण्यासाठी मंजूर होणे अवघड आहे आणि तीस वर्षांनंतर पुन्हा कागदाविना कुणाच्या तरी मर्जीवर राहण्यात तुमच्या वडिलांचे हित नाही. सभासदांना बांधकामाच्या काळात जसे भाडे आणि सामान हलवण्याचा खर्च मिळणार आहे, तसा तो ठरावीक मुदतीसाठी तुमच्या कुटुंबालाही मिळावा, आणि तीस वर्षांच्या सेवेची दखल म्हणून एक ठोक रक्कम मिळावी, ही मागणी मला न्याय्य वाटते. हे संस्थेच्या निधीतून द्यायचे तर सभेचा ठराव लागेल आणि त्यावरून कुरबुरी होतील. त्यापेक्षा विकासकाने द्यावयाच्या रकमांतच ती घालून घेणे अधिक सोपे जाईल, कारण प्रकल्पाच्या एकूण खर्चात ती फारच लहान असते. नवी घरे झाल्यावर संस्थेच्या सामाईक भागाचे सुतारकाम वार्षिक कराराने, पैसे देऊन, वडिलांकडे द्यावे, हेही मागता येईल. हत्यारे ठेवायला कुलूपबंद कपाट मिळाले तर चांगलेच.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात आली, ती वडिलांना विचारून पाहा. तुमच्या इमारती १९७० च्या दशकातील आहेत, म्हणजे दारांच्या चौकटी बहुधा अस्सल सागवानाच्या असतील. इमारत पाडताना निघणारे लाकूड-लोखंड साधारणपणे विकासकाकडे किंवा पाडकाम करणाऱ्या ठेकेदाराकडे जाते आणि जुन्या लाकडाच्या वखारीत त्याला चांगला भाव येतो. त्या चौकटी आणि दारे, निदान काही, तुमच्या वडिलांना मिळावीत, असे एक कलम करारात घालता येईल. कुठल्या घरातील कुठले दार खरे सागवान आहे आणि कुठल्याला मागाहून हलक्या लाकडाचा तुकडा जोडला आहे, हे त्यांच्याइतके त्या आवारात कुणालाही ठाऊक नसेल, कारण ते तुकडे त्यांनीच जोडले आहेत. अशी मागणी मांडायला त्यांची जीभही अडखळणार नाही, असा माझा अंदाज आहे. पैशाविषयी बोलताना ते खाली पाहतील, पण लाकडाविषयी बोलताना नाही.

सभेचे काय व्हायचे ते होवो, एक काम मात्र उद्याच हाती घ्या. इमारत पडली की तुमचा पत्ताच पुसला जाईल. त्याआधी तीस वर्षांच्या वास्तव्याचे सगळे पुरावे एकत्र करा: शिधापत्रिका, मतदार यादीतील नोंद, आधार, तुमचे आणि भावाचे शाळा सोडल्याचे दाखले, जुनी टपालाची पाकिटेसुद्धा. संस्थेच्या पत्रशीर्षावर, १९९५ पासून हे कुटुंब येथे राहत होते आणि संस्थेचे सुतारकाम करत होते, असे प्रमाणपत्र मागून घ्या. हे द्यायला कुणाचा पैसा लागत नाही, त्यामुळे बहुधा कुणी नाही म्हणणार नाही. वडिलांच्या नावे महाराष्ट्राचा अधिवास दाखला काढा. त्यासाठी पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. म्हाडाच्या सोडतीत अर्ज करायचा तर तो दाखला लागतोच, आणि कोकण मंडळाच्या सोडतीत मुंबईबाहेरची, तुमच्या आवाक्यातील घरे असतात. पंतप्रधान आवास योजनेचा विचार करणार असाल तर गावाकडे वडिलांच्या नावावर पक्के घर आहे का ते आधी पाहा, कारण देशात कुठेही पक्के घर असल्यास ती योजना लागू होत नाही.

वडील छप्पन्न वर्षांचे आहेत, म्हणून आणखी एक घाई आहे. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी साठ वर्षांपर्यंतच होते, आणि त्यासाठी मागील वर्षात नव्वद दिवस बांधकामाशी निगडित काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रम नोंदणीची मर्यादा तर एकोणसाठ आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यांपैकी एक आहे. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने, तारणाशिवाय, आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळते. कुटुंबात कुणी सरकारी नोकरीत नसावे, ही अट आहे. तुम्ही खासगी कार्यालयात आहात, त्यामुळे ती आड येऊ नये. भाड्याचा लहानसा गाळा घेऊन काम करायचे त्यांच्या मनात असेल तर हे भांडवल उपयोगी पडेल.

समित्यांवर काम करणारे पुष्कळ वाचक हे सदर वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडे. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ ची. मुंबईतील या चळवळीचा आरंभ तिच्यापासून मानला जातो. ती उभारणारी चित्रापूर सारस्वत कुटुंबे मूळची मुंबईची नव्हती. कानडा प्रांतातून नोकरीधंद्यासाठी शहरात आलेली आणि परवडणाऱ्या जागेसाठी वणवण करणारी ती माणसे होती, आणि श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्यासारख्यांनी त्यांना एकत्र बांधले. आपली वसाहत ज्या कल्पनेवर उभी आहे ती शहरात नव्याने आलेल्यांनीच प्रथम अमलात आणली. अर्थात ती घरे त्यांनी आपल्या ज्ञातीपुरतीच बांधली होती. सहकारातील हा 'आपल्यांपुरते'पणा तेव्हापासूनचा आहे आणि तो आजही करारांच्या मसुद्यांतून दिसतो. आंतरराष्ट्रीय सहकार संघटनेने १९९५ मध्ये स्वीकारलेल्या सात तत्त्वांतील सातवे तत्त्व भोवतालच्या समाजाविषयी आस्था बाळगावी असे सांगते. तुमच्या आवारात पहारेकरी, झाडलोट करणाऱ्या ताई, इस्त्रीवाले, सुतार असे कुणी वर्षानुवर्षे राहत किंवा बसत असेल, तर विकासकाकडून निविदा मागवतानाच त्यांची नावे लिहा. निविदेत आलेली तरतूद पुढे कुणाला बोचत नाही.

आता पुन्हा तुमच्याकडे वळते. समिती नाही म्हणाली तर? तशी शक्यता आहे, आणि तुम्ही तिची तयारी ठेवावी. मग तुम्हाला तुमच्या पगारावर कल्याणच्या पलीकडे कुठेतरी भाड्याचे घर घ्यावे लागेल आणि वडिलांना पहाटेची लोकल धरावी लागेल. त्या वेळी वडिलांना 'मी सांगत होते ना' असे म्हणू नका. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे की या आवारातील प्रत्येक मूल मला नावाने ओळखते, तरी मी अजून मिस्त्रींची मुलगीच आहे. हे वाचून मला वाटले की लढायची जी ओढ तुम्हाला आहे, तिच्यातील काही भाग वडिलांच्या निवाऱ्यासाठी आहे आणि काही तुमच्या स्वतःच्या नावासाठी. दोन्ही योग्य आहेत, पण ते वेगळे ठेवा. तुमचे नाव त्या आवारातील कुठल्याही ठरावावर अवलंबून नाही, आणि त्याचा भार वडिलांच्या अर्जावर टाकला तर अर्जाचा सूर चढेल. तुम्हाला त्या लोकांना जे सांगायचे आहे ते कधीतरी स्वतःच्या नावाने, निराळे लिहा.

सभेला तुम्हाला आत बसू दिले नाही तरी वडिलांना दोन मिनिटे बोलू द्यावे, अशी विनंती पत्रातच करून ठेवा. ते काय बोलतील ते त्यांना घरी पाठ करायला लावू नका. १९९५ मध्ये पहिल्यांदा कुठल्या घरात, कुठल्या लाकडाचे काय केले, एवढे जरी त्यांनी सांगितले तरी त्या खोलीत बसलेल्यांपैकी निम्म्यांना आपापल्या घरातील एखादे कपाट डोळ्यांपुढे येईल. अर्जाच्या तीन प्रती काढा. एक सचिवांना, एक अध्यक्षांना, आणि तिसरीवर सही-शिक्का घेऊन ती घरी ठेवा.